स्थानिक संस्कृती, वय 59

रविवारपासून कॉलनीतले लोक मला ‘लोकल काका’ म्हणू लागले आहेत. लिफ्टमध्ये, दूधवाल्यासमोर, परवा तर एका बारशात. जन्म नागपूरच्या महालातला, शाळा महालातली, नोकरी सिव्हिल लाइन्समध्ये, तेव्हा लोकल मी आहेच. पण म्हणून असं तोंडावर म्हणायचं?

झालं ते इतकंच. सकाळचं फिरणं आटोपून कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर मी तर्री पोहे घेतले. वर चणे, लालभडक तर्री, कांदा, सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), शेव. पहिला चमचा ओठाशी नेला आणि मागून कोणीतरी ओरडलं, “काका, एक सेकंद! खाऊ नका!”

मला वाटलं, पोह्यात पाल पडली.

वळून पाहतो तर पंचविशीतला पोरगा. कॉलरला माइक, हातात काठीला लावलेला फोन. मूळ पुण्याचा, जगभर फिरून ‘फूड, चहा आणि लोकल कल्चर’ करतो म्हणाला. “प्लेटवर लाइट फार सुंदर पडलाय. जरा डावीकडे वळा ना.”

वळलो. पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

“आता पहिला घास घ्या. आयुष्यात पहिल्यांदाच खाताय असा.”

“अरे बाबा, मी हे कॉलेजपासून खाऊन राहिलो.”

“तेही चेहऱ्यावर दिसू दे!”

मी घास घेतला. “काका, तुमचे डोळे मिटले.” तर्रीने मिटतात. दुसरा घास घेतला. मध्येच बस गेली, म्हणून तिसरा. तर्री पडली की पोहे लगेच खायचे असतात. थांबलं की सगळा रस्सा पोहेच पिऊन टाकतात. माझ्या प्लेटमध्ये एव्हाना केशरी लगदा झाला होता. ठेलेवाल्याला राहवेना. “काऊन भाऊ, खाऊन राहिले का पेपर देऊन राहिले?”

पोरगा लगेच त्याच्याकडे वळला. “दादा, या तर्रीमागची स्टोरी काय?”

“स्टोरी कायची? चने रात्रीच भिजू घालतो.”

“नाही, म्हणजे आजीची सिक्रेट रेसिपी वगैरे?”

“आजी तं बाप्पा तिखट खातच नव्हती.”

पोरगा हिरमुसला. हे त्याला कापावं लागणार होतं.

मग चहा. फ्रेममध्ये लोकल माणूस हवा म्हणून शेजारच्या टपरीवरही मलाच नेलं. तिथे त्याने फोनकडे पाहून जगाचा फेरा सुरू केला. माणशी सगळ्यांत जास्त चहा तुर्कस्तानात पितात. तो काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात पिकतो, एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्यांत होतो, कमरेत बारीक पेल्यात येतो आणि त्यात दूध औषधालाही नसतं. मोरोक्कोत हिरवा चहा, पुदिना, भरपूर साखर आणि हातभर उंचीवरून धार. जपानात आधी गोड खायचं, मग बांबूच्या ब्रशने घुसळलेल्या माचाचा वाडगा फिरवून प्यायचा. पोराला माहिती होती, ऐकायलाही बरं वाटत होतं. पण मग तो टपरीवाल्याला म्हणाला, “दादा, तुम्हीही उंचावरून ओता ना!”

“सांडलं तं दुधाचे पैसे कोण देईन?”

यावर पोरगा फोनला सांगू लागला की हा नुसता चहा नाही, ही हजारो वर्षांची भारतीय परंपरा आहे. आता मात्र मी तोंड उघडलं. कसली हजारो वर्षं? आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला 1839 मध्ये. आणि पातेल्यातली ही दाणेदार पत्ती करणारं सीटीसी यंत्र आलं 1930 च्या दशकात. दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, वळून निघतं, म्हणून तर एवढ्या दुधातही रंग सोडतं आणि कटिंग परवडते. आमच्या आजोबांच्या घरात चहा आजाऱ्यालाच मिळायचा.

“काका, हे जरा टेक्निकल होतंय. तुम्ही फक्त फुर्रर्र करून प्या ना.”

आम्हीही फिरलोय हो. टूरबरोबर सिंगापूरला गेलो तेव्हा सकाळ-संध्याकाळ मटकीची उसळ खाऊन कंटाळलो आणि एका दुपारी मी एकटाच सटकून ‘तेह तारिक’ प्यायलो. आटवलेलं गोड दूध घातलेला चहा, या मगातून त्या मगात लांबच लांब धार ओढून फेसाळलेला. त्या माणसाला मी पुन्हा ओत म्हटलं नाही, त्याच्या आजीची चौकशी केली नाही. पैसे दिले, प्यायलो, मागच्याला जागा करून दिली.

खरी आग वेगळ्याच गोष्टीची आहे. पोरगा या ठेल्याला ‘हिडन जेम’ म्हणाला. झिरो माइलपासून चालत येण्याइतकं जवळ, रोज सकाळी प्लेटीसाठी हात पुढे आलेले असतात, हिडन कोणापासून? मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हाही हा माणूस शेगडीपुढे उभा असतो. उन्हात कसं करता, गाडी कधी उचलून नेली का, तेलाचे भाव किती झाले, यातलं एक अक्षर त्याला विचारलं नाही. विचारली ती आजी. आणि स्वतःची भरली प्लेट? दोन चमचे खाऊन, “स्पाइस लेव्हल जरा हाय आहे” म्हणत थेट कचऱ्याच्या डब्यात. रात्री भिजवलेले चणे होते ते.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. दोघांचे पोहे, दोघांचा चहा मीच दिला. जाताना म्हणाला, “पुढचा एपिसोड सावजीचा आहे. त्यासाठी पटकन डोळ्यांत पाणी येणारे काका हवेत. येता का?”

रात्री मुलीने तो व्हिडिओ दाखवला. चहाचा इतिहास गायब, फुर्रर्र मात्र दोनदा. खाली सतारीचे सूर आणि पोराचा भरून आलेला आवाज: ‘नागपूरच्या या गरीब पण दिलदार काकांनी मला एक पैसाही देऊ दिला नाही.’

ही एवढंच म्हणाली, “तरी सांगत होते, तो भोकाचा टीशर्ट घालून फिरायला जाऊ नका.”