जास्त पिच म्हणजे जास्त वेग? खुलासा

‘जुन्या आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला) जास्त पिचचा पंखा बसवा, बोट जोरात पळेल आणि पेट्रोलही वाचेल,’ असा सल्ला सध्या फिरतोय. कृपया तो ऐकू नका, इंजिन खराब होईल.

पिच म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः किती इंच पुढे सरकेल ते अंतर. पंख्यावर १३ x १९ कोरलेलं असेल, तर १३ हा व्यास आणि १९ ही पिच. पिच वाढली की इंजिनावर भार वाढतो आणि आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) उतरतो. नेहमीची माणसं-सामान घेऊन पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारं मीटर, बघा. मॅन्युअलमध्ये ५०००–५५०० लिहिलंय आणि काटा ४७०० वर अडकतोय, तर १९ ऐवजी १७ ची पिच घ्या. एका इंचामागे साधारण १५०–२०० आरपीएमचा फरक पडतो. पिच फार कमीही नको, इंजिन मर्यादेबाहेर फिरेल.

पण त्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), प्लग, कार्ब्युरेटर तपासा. पंख्याचं रबरी हब (पंखा दांड्यावर धरून ठेवणारा मधला भाग) घसरत असेल तर आरपीएम चढतो, बोट मात्र तिथल्या तिथेच. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढा, फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर दोष पिचचा नाही, हबचा आहे.