साठ रुपयांचे चिंचोके

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, असताना मी एका बाईंची साठ रुपयांची पावती परत पाठवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ग्रामीण शाळांना मदत करण्याचा विषय निघाला की मला आधी तीच पावती आठवते. बाईंची शाळा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर होती, द्विशिक्षकी. सर्व शिक्षा अभियानातून तेव्हा प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. त्यातून बाईंनी आठवडे बाजारातून मुलांना मोजायला चिंचोके, सुतळी आणि दोन टोपल्या आणल्या आणि विकणाऱ्या आजींचा अंगठा घेतलेला वहीचा कागद पावती म्हणून जोडला. छापील बिल नाही, म्हणून मी तो नामंजूर केला. पुढच्या वर्षी बाईंनी नाशिकच्या एका दुकानातून गणिताचा प्लॅस्टिकचा तयार संच रीतसर बिलासह आणला आणि मी निमूट सही केली. त्या संचातली मणीमाळ दिवाळीच्या सुट्टीआधीच तुटली. खोके मात्र साठा नोंदवहीतल्या क्रमांकासह कपाटात सुरक्षित राहिले. हिशेब चोख होता, मुले मात्र पुन्हा बोटांवर मोजू लागली होती.

त्या ५०० रुपयांची चेष्टा आम्हीही करत असू, कारण कार्डशीट आणि रंग आणले की ते संपत. पण त्या रकमेमागचा विचार योग्य होता, असे आता वाटते. ती शाळेच्या नव्हे, शिक्षकाच्या नावाने येत असे, आणि आपल्या वर्गाला काय हवे हे वर्गात उभे राहणाऱ्यालाच कळते, हे तिच्यात गृहीत धरलेले होते. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळते. ते साधारणपणे २५ हजारांपासून १ लाखापर्यंत असते आणि अगदी कमी पटाच्या शाळांना त्याहून कमी असते. रक्कम मोठी दिसते, पण वीजबिल, पाणी, नादुरुस्त वस्तू, खेळाचे साहित्य आणि शैक्षणिक साहित्य असे सगळे त्यातच बसवायचे असते, आणि किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. अशा यादीत चिंचोक्यांचा क्रमांक कितवा लागेल, हे मुख्याध्यापकांना विचारण्याची गरज नाही.

दुसरी अडचण वेळेची. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पहिलीच्या मुलांना साहित्य लागते ते त्याच पहिल्या दोन-तीन महिन्यांत. पैसा मात्र माझ्या अनुभवात बहुतेक वेळा जानेवारीनंतर येई आणि मार्चअखेर खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, द्यावे लागे. त्या घाईत जे दुकानात तयार मिळते आणि ज्याचे बिल लगेच मिळते, तेच घेतले जाते. शिक्षकांना कल्पकता नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये शाळेची खरेदी करून पाहावी.

नाशिकमधले आम्ही काही निवृत्त सहकारी आणि मित्र मिळून दरमहा थोडे पैसे बाजूला काढतो आणि त्यातून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या शिक्षकांना तीन ते पाच हजारांपर्यंत रक्कम देतो. अर्ज म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक निरोप: काय हवे, कशासाठी, किती रुपये. हिशेब म्हणजे खर्चाचा हाताने लिहिलेला कागद आणि वस्तू वापरात असतानाचा एक फोटो. अंगठ्याची पावती चालते, हा नियम मी आग्रहाने घालून घेतला आहे.

शिक्षकांनी जे मागितले, ते आमच्यापैकी कोणालाही सुचले नसते. एका सरांनी लॅमिनेशनचे लहान यंत्र मागितले, कारण त्र्यंबककडच्या पावसात भिंतीवरचे तक्ते ऑगस्टपर्यंत बुरसतात आणि दरवर्षी नव्याने करावे लागतात. एका बाईंना वर्गात बसवायला सतरंजी हवी होती, पण एक मोठी नव्हे, तर गटात बसता येईल अशा चार लहान. सुरगाण्यातल्या एका बाईंनी घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांसाठी कोकणा आणि मराठी शब्दांचा चित्रकोश केला. त्यांना फक्त रंगीत छपाईचे पैसे हवे होते. शब्द मुलांच्या आज्यांनी सांगितले होते आणि चित्रे चौथीच्या मुलांनी काढली होती. याउलट, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, आलेले मोठे डिजिटल पडदे मी अशा शाळांतही पाहिले आहेत, जिथे दुपारनंतर वीज नसते. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण काय हवे हे आधी कोणी विचारलेले नसते.

पैसे बुडतील, असा आक्षेप नेहमी येतो. आमच्याकडे दोघांचा हिशेब आलाच नाही, त्यापैकी एकाने फोन उचलणेही बंद केले. मला त्याचे फारसे दुःख नाही. पाच हजारांसाठी तीन दरपत्रके मागवायची, तर कागद, झेरॉक्स आणि तालुक्याच्या फेऱ्या यांतच शिक्षकाचे दोन दिवस जातात, आणि द्विशिक्षकी शाळेत ते दोन दिवस अर्ध्या शाळेचे असतात. हिशेबाचे ओझे रकमेच्या मानाने असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अधिक गंभीर आक्षेप असा की, आपण पैसे दिले की शासन हात झटकते. ही भीती खरी आहे, आणि म्हणून छप्पर, शौचालय, पिण्याचे पाणी यांसाठी आम्ही एक रुपयाही देत नाही. पुरस्कारांबद्दलही माझे मत थोडे वेगळे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, याचा अभिमान मलाही आहे. पण पुरस्कार काम उभे राहिल्यावर येतो. ज्याचे काम अजून वहीच्या मागच्या पानावर आहे, त्याला त्याआधी तीन हजार लागतात.

एका प्रश्नावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. शिक्षकाची बदली झाली, तर साहित्य कोणाचे? शाळेचे, असे बहुसंख्यांचे मत. मी विरोधात होतो, कारण साहित्य बनवणाऱ्या हाताबरोबर गेले तरच ते पुढे वाढते. सुरगाण्याच्या त्या बाईंची यंदा निफाड तालुक्यात बदली झाली, तेव्हा त्यांनी मूळ चित्रकोश शाळेतच ठेवला आणि स्वतःसाठी झेरॉक्स काढून नेली. निफाडला कोकणा शब्दांचे काय काम, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "सर, द्राक्षांच्या कामाला आपल्याकडचीच माणसं येतात ना इकडे, त्यांची पोरं बसतात माझ्या वर्गात." झेरॉक्सचे ८० रुपये त्यांनी मागितले नव्हते, आम्हीच पाठवले.