अंगापेक्षा काटा मोठा

सकाळी उठल्या उठल्या आपली तब्येत कशी आहे हे स्वतःच ठरवण्याचा आगाऊपणा करू नका. झोप शांत लागली, गुडघे कुरकुरले नाहीत, पोट साफ झालं, या सगळ्या ऐकीव गोष्टी. आधी वजनकाट्यावर उभे राहा. चष्मा काढून ठेवा, तेवढेच ग्रॅम वाचतात. मग आकडा दिसला नाही तर घरच्यांना हाक मारा. ते आनंदाने आणि मोठ्यांदा वाचून दाखवतील.

तेवढ्याने समाधान झालं नाही तर बीएमआय काढा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. हे सूत्र 1830च्या दशकातलं, बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांचं. ते डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, तुमचं पोट नव्हे. पण ताऱ्यांकडे बघणाऱ्याला आपलं भवितव्य विचारायची सवय आपल्याला आहेच की.

समजा उंची पाच फूट पाच इंच, वजन 65 किलो. बीएमआय 24च्या जवळपास. भारतीयांसाठीच्या निकषात 23 ओलांडले की वजन जास्त. जगासाठीच्या निकषात ही रेघ 25वर. म्हणजे नुसता तक्ता बदला, अर्धी चपातीही न सोडता बारीक व्हाल! आपली रेघ खाली आणायला कारण आहे म्हणा: आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो, चरबी पोटाशी साठते. पण ते बघायला कंबर मोजा, रक्त तपासा, हे उपद्व्याप कोण करणार? लग्नाच्या मांडवात मावशी नुसत्या नजरेने निदान करते, तेही फुकट.

मावशीकडून शिका. भाची बऱ्याच दिवसांनी भेटली की नोकरीबिकरी नंतर विचारा, आधी ''किती सुटलीस गं!'' बारीक झाली असेल तर ''सासरी खायला घालत नाहीत का?'' तयार ठेवा. थायरॉइड, बाळंतपण, रात्रपाळी असल्या सबबी ऐकून घेऊ नका.

आता जेवण. वरणभात, तूप, लिंबाची फोड समोर आली की मान फिरवा आणि वाचलेल्या पैशांत प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आणा. साबुदाण्याची खिचडी मात्र चालेल, तो उपवास आहे.

आणि एवढं करून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं नॉर्मल निघालं, तर खचू नका. लॅब बदला.