पहिले दहा गुण पंचांचे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूलचं नाव निघालं की ‘बास्केटबॉलने शहर जोडलं’ हे वाक्य ठरलेलं. मला ते पटत नाही. शहर जोडणं हे रे क्रो यांचं काम नव्हतंच. ते तिथले बास्केटबॉल कोच होते. शहर जसं आहे तसं धरून सामने कसे काढायचे, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न.

1927 मध्ये ही शाळा काढली तीच कृष्णवर्णीय मुलांना इतर हायस्कुलांपासून वेगळं ठेवायला. 1942 पर्यंत राज्य स्पर्धेची दारं बंद. जिम इतकं लहान की तिथे सामने भरवण्याची सोय नाही, त्यामुळे ‘घरचं मैदान’ ही चैन या पोरांना नव्हती. क्रो 1950 मध्ये मुख्य कोच झाले तेव्हा संघाला शिकवण होती ती सभ्यपणाची: अंगाला अंग लावू नका, वाद नको. 1951 मध्ये संघ उपांत्य फेरीत एव्हान्सव्हिल राइट्झकडून हरला. त्यानंतर क्रोंनी दोरी सैल सोडली.

पहिले दहा गुण पंचांचे, तिथून पुढे आपला खेळ, असं ते मुलांना सांगत. लोक हे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात सरळ हिशेब दिसतो. बास्केटखालच्या गर्दीत कोपर कुणाचं लागलं हे पंच ठरवणार, आणि पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. मग खेळ गर्दीतून मोकळ्यावर काढायचा. रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, हातात आला की खाली ड्रिबल न करता लगेच कडेला पास, तिथून चेंडू मधल्या पट्ट्यात, दोन्ही कडांनी दोघं सुसाट, आणि समोरचे जमायच्या आत ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू. सगळी मदार त्या पहिल्या पासवर. तो क्षणभर अडला की बचाव परत उभा, आणि पुन्हा तीच गर्दी, तीच शिट्टी.

1955 च्या मोसमात ते एकदाच हरले, कॉनर्सव्हिलकडून 57-58. अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्ट या दुसऱ्या कृष्णवर्णीय शाळेला 97-74 ने हरवलं. सामना 32 मिनिटांचा, लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा तेव्हा नव्हती. म्हणजे दोन्ही संघांचे मिळून मिनिटाला पाचाहून जास्त गुण! इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेचं हे पहिलं राज्य विजेतेपद. पुढे एनबीए गाजवणारा ऑस्कर रॉबर्टसन याच संघात. पुढच्या वर्षी 31 पैकी 31 सामने जिंकून पुन्हा विजेते.

आणि मिरवणूक? खेळाडूंना घेऊन निघालेल्या अग्निशमन बंबाची शहराच्या मधोमध मॉन्युमेंट सर्कलला एक फेरी झाली, आणि लगेच तो बंब थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे. ‘शहर जोडलं’ म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा नकाशावर बघावा.

179 विजय आणि 20 पराभवांवर क्रो 1957 मध्ये थांबले. पुढचे कोच बिल गॅरेट यांनी 1959 मध्ये तिसरं विजेतेपद आणलं. वेगळ्या शाळा ठेवायला कायद्याने बंदी आली होती 1949 मध्येच, पण शहराच्या शाळांवर न्यायालयाचा निकाल यायला 1971 उजाडलं. 1986 मध्ये तर अ‍ॅटक्सचं हायस्कूलपणच गेलं, कनिष्ठ शाळा झाली.

त्याच वर्षी इंडियानातल्या एका छोट्या गावच्या गोऱ्या संघावरचा ‘हूझियर्स’ चित्रपट आला. शेवटच्या सामन्यात हरणाऱ्या साउथ बेंड सेंट्रलच्या कोचची भूमिका कुणी केली, तर रे क्रो यांनी. 1957 च्या खऱ्या अंतिम सामन्यात क्रोंच्या अ‍ॅटक्सला हरवलं होतं ते साउथ बेंड सेंट्रलनेच.