‘थंड’ हत्यारही भाजतं

नणंदेनं अमळनेरहून एक संदेश पाठवला. जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर तो फिरतोच आहे: ‘पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन नव्या अल्ट्रासोनिक हत्यारानंच करा. उष्णता नाही, रक्त नाही, पित्तनळीला इजा नाही. हुक वापरणारे डॉक्टर जुनाट.’ (हुक म्हणजे विजेवर चालणारं, टोकाला वाकलेलं कापायचं हत्यार.) खाली तिचा प्रश्न: ‘वहिनी, आईचं कशानं करणार?’ मी थिएटरमध्ये हीच हत्यारं मांडून देते, त्यामुळे उत्तर लांबलं.

उष्णता नाही, हे साफ खोटं. पातं सेकंदाला साधारण 55 हजार वेळा थरथरतं आणि त्या घर्षणाच्या उष्णतेनंच रक्तवाहिनी चिकटून बंद होते. रुग्णाच्या अंगातून वीज जात नाही, एवढंच खरं. त्याचंच कुणीतरी ‘थंड’ करून टाकलं. पेडलवरून पाय काढल्यावरही पातं काही सेकंद 100 अंशांच्या वर असू शकतं. कळण्याची भाकरी उतरवून गॅस बंद केला म्हणून तव्याला कोणी लगेच हात लावतं का? इथे मात्र घाईत त्याच टोकानं आतडं बाजूला सारलं जातं. भाजलेली जागा तेव्हा दिसतेच असं नाही. दोन-चार दिवसांनी पोट दुखायला लागतं, तोवर भोक पडलेलं असतं.

रक्ताचं म्हणाल तर किती जाड रक्तवाहिनी बंद होते याची मर्यादा हत्याराच्या माहितीपत्रकातच छापलेली असते: कुठे 5 मिलिमीटर, कुठे 7. पित्ताशयाची धमनी एरवी त्याहून बारीक, ती साध्या क्लिपनंही सांभाळली जाते.

पित्तनळीला इजा होते ती बहुतेकदा ओळख चुकल्यानं: मुख्य नळीलाच पित्ताशयाची नळी समजून कापतात. स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेली पद्धत आजही तीच: चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करा, आत शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या की मगच कापा. नवं पातं चुकीची नळीही तितक्याच सफाईनं कापेल.

हुकवरचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. दांड्यावरच्या आवरणाला चीर असेल तर कॅमेऱ्याला दिसत नाही तिथे वीज गळते. म्हणून दर वेळी तो उजेडात धरून बघते.

कंपनीचा माणूस डेमो देतो तो मांसाच्या तुकड्यावर. त्यात रक्त वाहतच नाही! मी बघते ते वेगळंच: कॅमेरा किती वेळा पुसावा लागला, सहा नंबरचा लहान हातमोजा घालणाऱ्या सर्जन मॅडमच्या हातात हत्याराची मूठ बसते का, त्याच्या जबड्यातली पांढरी गादी किती झिजली. एकदाच वापरायचं टोक निर्जंतुक करून पुन्हा वापरणं आपल्याकडे नवं नाही. गादी झिजली की पकड सैल, आणि सैल पकडीत वाहिनी अर्धवट बंद.

नणंदेला लिहिलं: हत्यार डॉक्टरांना निवडू दे, तू आईंचा सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट घेऊन ये.