राज्यातला सर्वांत उंच काका

जिना मी सध्या खेकड्यासारखा आडवा उतरतो. पण तक्रार पायांबद्दल नाही.

गेल्या रविवारी कळसूबाईला गेलो. बारी गावातून पहाटेच निघालो. सोबतची पोरं पुढे पळाली आणि मी एका लोखंडी शिडीच्या रांगेत अडकलो. रांग रेशनच्या दुकानासारखीच, फक्त एका बाजूला दरी. भुरभुर पाऊस, ओलं लोखंड आणि माझ्या नाकासमोर एका तरुणाचे चिखलाने माखलेले बूट. ते बूट शिडीच्या मध्यावर थांबले.

"हां मावशी, दिसतंय का?"

व्हिडिओ कॉल! खाली बारीत माझ्या फोनला एक दांडी मिळेना आणि याला इथं लटकून अख्खी मावशी दिसत होती.

"पांढरंच आहे की रे सगळं."

"ढग आहेत ते! पुढच्या वेळी तूपण ये."

"माझे गुडघे, बाबा."

"काही होत नाही गं. हे बघ, मागं एक काका आहेत. तेसुद्धा चढतायत!"

आणि फोन थेट माझ्या तोंडापुढे. मावशी मेथी निवडत होत्या. फार तर पन्नाशीच्या. मी 42 चा. त्यांनी चष्मा वर सरकवून मला निरखलं.

"अरे, यांना धाप लागलीय. बसव कुठंतरी."

"छे, मी ठीक आहे," मी म्हणालो. एवढ्यात दोनदा श्वास घ्यावा लागला, ते सोडा.

"काका, खाली बघू नका हं," मावशी म्हणाल्या. मावशीसुद्धा!

मागून तीसेक माणसं ओरडत होती. कुणाचा तरी स्पीकर ढणढणत होता. पायवाटेच्या कडेला बाटल्या, वेफर्सची पाकिटं. वर देवीला हात जोडणारेच खाली हा उकिरडा करून येतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. सल्ले मात्र मला.

गावात सांगतात, कळसू पाटलाकडे कामाला होती, पण केर-भांडी करणार नाही या अटीवर. एक दिवस तेच काम सांगितलं आणि ती तडक डोंगरावर निघून आली. मला तिचं पूर्ण पटलं. पण ती 1646 मीटरवर जाऊन बसलीय. राज्यात त्याहून उंच जागाच नाही. मी रुसून जाणार कुठं?

माथ्यावर धुक्यात देऊळसुद्धा हाताच्या अंतरावर आल्यावर दिसलं. भंडारदऱ्याचं पाणी, अलंग-मदन-कुलंग, सगळं मनातच. टेकतोय तोच समोर फोन.

"मावशी, काका पोचले बघ!"

मी हात हलवला.