बालगृहातल्या मुलांना विचारायचं ते कसं

‘बालगृहातल्या मुलांना मत काय विचारायचं? त्यांना कळत नाही, विचारलं तर घरी जायचं एवढंच म्हणतात. समितीसमोर उभं केलं, सूचनापेटी लावली, पुरे!’ असा मेसेज फिरतोय. (समिती म्हणजे बाल कल्याण समिती; मूल घरी जाणार की बालगृहात राहणार, हे ती ठरवते.)

‘कळत नाही’: बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३ नुसार ऐकून घेतलं जाण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे. वय आणि समज बघायची, ती त्याच्या मताला वजन किती द्यायचं हे ठरवताना.

‘घरीच म्हणतात’: प्रश्नच ‘घरी जायचं का?’ असा असतो, मग दुसरं काय म्हणणार? त्याऐवजी विचारा, सकाळी कोण उठवतं? शाळेतून आल्यावर घरात कोण असतं? रात्री कुणाजवळ झोपतोस? मग उत्तर येतं, ‘आजी असली तर जाईन.’ आता गृहभेटीत काय तपासायचं ते कळलं. अहवालात मात्र ‘बालक घरी जाण्यास इच्छुक आहे’ असं छापील वाक्य पडतं आणि आजी गळते. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. लहानग्याकडून घराचं चित्र काढून घ्या, पण अर्थ तुम्ही लावू नका, ‘हे कोण?’ एवढंच विचारा. शक्य नसलेले पर्याय दाखवू नका.

‘समितीसमोर उभं केलं’: अध्यक्ष आणि चार सदस्य समोर, बालगृहाचे अधीक्षक शेजारी. मूल बोलण्याआधी अधीक्षकांच्या तोंडाकडे बघतं. त्यांना थोडा वेळ बाहेर बसवा, पालकांनाही. कोण भेटणार, कशाचा निर्णय आहे, हे आदल्या दिवशीच सांगा. मूल कोरकू किंवा भोजपुरी बोलणारं असेल तर दुभाषा आणा; त्याच बालगृहातली मोठी मुलगी दुभाषी म्हणून चालणार नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

‘पेटी आहे’: कुठे? २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली बालगृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि दर आठवड्याला बालसमितीतल्या मुलांसमोर उघडायची. प्रत्यक्षात पेटी ऑफिसच्या दाराशी असते, किल्ली ड्रॉवरमध्ये. शिवाय अक्षर ओळखू येतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रांच्या छापील चिठ्ठ्या ठेवा: जेवण, मारहाण, शाळा, भेट, खूण केली की झालं.

‘मग मुलं म्हणतील तेच करायचं का?’ नाही. निर्णय बाल कल्याण समितीचाच. पण तो मनाविरुद्ध गेला तर कारण मुलाला समोर बसून कोण सांगणार, हे आदेशाच्या दिवशीच नावानिशी ठरवा.